नाही म्हणायची वही

मे लागला की फोन तापतो.
सरोवराच्या काठाला अजून मळका बर्फ,
धान्याच्या कोठारांमागे मालगाडी खोळंबलेली,
आणि थंडर बेच्या निम्म्या गॅरेजांत, पायऱ्यांखाली
कुणी ना कुणी व्यायलेली.

माझ्याकडे अकरा घरं आहेत.
अकरा घरं म्हणजे अकरा जागा नव्हेत
हे कळायला मला तीन वर्षं लागली.
डोरीनचं न्हाणीघर मोकळं आहे, पण जूनमध्ये लेक बाळंतपणाला येणार.
ल्युसीकडे तिघं मावतील, तिचा बोका एकालाच मावून घेतो.
पेलेग्रिनो नवराबायको फक्त म्हाताऱ्या मांजरी नेतात,
मूत्रपिंडं गेलेल्या, दात पडलेल्या,
आणि एखादी गेली की दोन महिने फोन उचलत नाहीत.
ते दोन महिने वहीत कोरे ठेवते मी.
कोरे दिसतात.
भरलेले असतात.

वहीच्या मागच्या पानापासून उलटं लिहीत येते:
सात मे. लाकूडगिरणीचा रखवालदार. चार पिल्लं, आई नाही. नाही.
नऊ मे. लहान मुलीचा आवाज, मागे टीव्ही. नाही.
नऊ मे, रात्री. तोच नंबर.
कुणी बोललं नाही. मीही फोन ठेवला नाही बराच वेळ.

लोक म्हणतात, एकानं काय होतंय?

एकानं काय होतं ते स्टेफानियाच्या तळघरात पाहिलंय.
सहांची जागा. मी नऊ दिली.
मग आणखी दोन, रात्री साडेदहाला, पुठ्ठ्याच्या खोक्यात,
तिनं दार उघडलं तेव्हा हातात टूथब्रश होता
आणि ती हसलीसुद्धा.
पाच दिवसांत अकराच्या अकरा.
तिनं भिंती ब्लीचनं धुतल्या, गुडघ्यांवर बसून,
पिंजरे परत केले, प्रत्येकात घडी घातलेला टॉवेल.
आता दुकानात भेटते. हवा कशी आहे ते विचारते.
हवेबद्दल आम्ही फार बोलतो.

तौनोचं नाव माझ्या यादीत कधीच नव्हतं.
आइलीचं होतं. ती गेल्याला दोन हिवाळे झाले.
मंगळवारी त्याचा फोन: सौना थंड पडलाय,
ती गेल्यापासून पेटवला नाही,
आठ फूट बाय सहा, जमिनीला मोरी, दार घट्ट लागतं.
किती मावतील?
मी टेप घेऊन गेले.
फळ्यांना अजून बर्चच्या पानांचा वास,
खुंटीला तिची पितळी पळी.
भट्टीतले दगड त्यानं आधीच बाहेर नेऊन ठेवलेले,
अंगणात, नीट, लहानमोठे लावून.
सहा, तो म्हणाला.
तीन, मी म्हणाले.
आइली सात ठेवायची, तो म्हणाला.
ठेवायची, खरंय. आणि रात्ररात्र जागायची, ते तुला माहीत नाही का?
तो गप्प झाला. मग म्हणाला, तीन तर तीन.

गाडीत बसूनच रखवालदाराला फोन लावला.
वाटभर स्वतःशी भांडत आले होते:
चार पिल्लं, तीन जागा,
चौथं ल्युसीकडे, की डोरीनकडे जूनपर्यंत,
की माझ्याच कपाटात, ज्याला मी वर्षभर नाही म्हणतेय.

तो म्हणाला, आता तीनच आहेत.

मी वहीत तीन लिहिलं.
हिशेब जुळला.
इतका चोख जुळला की पेन खाली ठेवून
मी काच उतरवली
आणि गिरणीकडून येणारा भुशाचा वास
उगाच आत घेत बसले.

रात्री तौनोनं विचारलं, त्यांना ऊब लागेल ना?
दिवा लाव, म्हटलं, भट्टी नको.
पिल्लं नाकानं चाचपत पुढे सरकली,
त्याच्या बुटाच्या नाडीपर्यंत.
खालच्या फळीवर त्यानं चार टॉवेल अंथरले होते.
मी एक उचलला,
घडी घातली,
कुठे ठेवू ते सुचेना.